स्वहस्ताक्षरात एक पान

पाकीट आलं ते नेमकं भर बाजाराच्या वेळी. मंद्रूपची ज्वारी उतरत होती, कोंडीबा हमाल पोत्याला आकडा लावून कण्हत होता, आणि शेजारच्या गाळ्यातले ईश्वरप्पा चहा प्यायला म्हणून येऊन, चहा संपला तरी बाकड्यावर बसून राहिले होते. पोस्टमननं ते लांबट तपकिरी पाकीट शिवशरणच्या हातात दिलं आणि आपणही जरा रेंगाळला. पाकीट पुण्याचं होतं. चनबसप्पा आडत्यांचा पोरगा एप्रिलात पुण्याला कसलीशी मोठी परीक्षा देऊन आलाय, जमलं तर तिथंच दोन वर्षं राहून गणितात एम.एस्सी. करणार आहे, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. ईश्वरप्पांच्या कानावर एखादी गोष्ट गेल्यावर ती आणखी कुणाला सांगायची गरज उरत नसे. शिवशरणनं पाकिटाची कड फाडली. आत इंग्रजीत टाइप केलेला कागद. वर त्याचं नाव, खाली बैठक क्रमांक, आणि त्याखाली, शंभरपैकी एकतीस. त्यानं आकडा वाचला, कागद जवळ धरला, पुन्हा वाचला. बी.एस्सी.ला गणितात त्याला अठ्ठ्याऐंशी होते. हा एकतीस दुसऱ्या कुणाचा तरी असावा आणि चुकून आपल्या पत्त्यावर आला असावा असं त्याला अगदी शांतपणे वाटलं. मग कानाच्या पाळ्या तापल्या. तागाच्या पोत्यांचा वास एकाएकी फार आला. सगळे आपल्याकडे बघताहेत, हेही त्याला तेव्हाच कळलं.

अप्पांनी, म्हणजे वडील चनबसप्पांनी, गादीवरून तोंडानं विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं कोण जाणे. पण अप्पांनी विचारलं नाही. ते उठले, खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकलं, आणि तो झाकलेला हात पोरासमोर धरला. बाजारात भाव आता उघड बोलून ठरत. उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायची रीत जनावरांच्या बाजारात तेवढी उरली होती. पण चनबसप्पांची निम्मी हयात त्या रीतीत गेली होती, आणि चारचौघांत बोलू नये असा कुठलाही आकडा त्यांच्या लेखी अजून उपरण्याखालचाच होता. शिवशरणच्या आजीला, कमलम्मांना, दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला दिवसांचा हिशेबही त्यांनी थोरल्या भावाला असाच सांगितला होता. शिवशरण हे बाराखडीच्या आधी शिकला होता. एक बोट धरलं की एक, पाची धरली की पाच. आधी दहाचे, मग सुटे. आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. त्यानं हात आत घातला. अप्पांची बोटं जाड, कोरडी. त्यानं तीन धरली, सोडली. एक धरलं, सोडलं. मग तळवा दाबला, म्हणजे शंभरातले. अप्पांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. उपरण्याखाली मात्र त्यांचा हात वळला, त्यानं शिवशरणची बोटं धरली आणि दाबली. चार बोटं. घट्ट. मग अप्पांनी उपरणं काढलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आयतु." म्हणजे झालं, ठरलं. आणि गादीवर जाऊन बसले.

"झाला की सौदा!" ईश्वरप्पा बाकड्यावरून उठलेच. "मी म्हनलं हुतं का न्हाय? चनबसप्पा, आता पेढं काढा, नुसत्या चहावर भागायचं न्हाय."

"बघू की," अप्पा म्हणाले.

कोंडीबानं पोतं खाली ठेवून शिवशरणच्या पाठीवर थाप मारली. शेतकरी हसले. परीक्षा कसली, आकडा किती, कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण 'आयतु' हा शब्द बाजारात सौदा फिसकटल्यावर कुणी म्हणत नाही, तेव्हा पोरगं पार झालं, एवढं सगळ्यांनी धरून चालावं यात त्यांची काय चूक? शिवशरणही हसला. नापास झालेल्या माणसाचं अभिनंदन होत असताना त्यानं चेहरा कसा ठेवावा, हे कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं.

उरलेलं पत्र त्यानं गोदामामागे जाऊन वाचलं. चाळीसच्या खाली गुण असणाऱ्यांना सहसा मुलाखतीला बोलावत नाहीत. तरीही ज्यांना आपल्या अर्जाचा विचार व्हावा असं वाटतं त्यांनी, आपली कामगिरी अशी का झाली याविषयी स्वहस्ताक्षरात एक पान लिहून महिनाअखेरच्या आत पोचेल असं पाठवावं. पान आलं नाही तर अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल. शिवशरण दोनदा 'चाळीस' या शब्दाशी थांबला. अप्पांनी चार दाबले होते. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. कानडी यायचं, मराठी यायचं, मोडीसुद्धा. आणि कागद तर त्यांनी हातातही घेतला नव्हता. मग त्यांना चाळीस कुठून कळले? का ते चार म्हणजे चार नव्हतेच? बापाचा हात नुसताच आवळला गेला, आणि त्यात बोट मोजणारा आपण वेडा? एवढं मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं: हे पान गेलं तर पुण्याचा रस्ता बोटभर उघडा राहतो, नाही गेलं तर येत्या हंगामापासून अप्पांच्या शेजारी गादीवर दुसरी उशी पडते. आणि यांतलं आपल्याला काय हवंय हे विचारल्यावर आतून काहीच उत्तर येत नव्हतं. हाच सगळा घोळ होता.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. अव्वानं, म्हणजे आईनं, गोड हुग्गी केली. गव्हाच्या हुग्गीचा, गूळ-वेलदोड्याचा तो वास दारातच आला आणि शिवशरणला वाटलं, आता इथंच उंबऱ्यावर बसावं आणि सांगून टाकावं. पण सांगायचं काय? अव्वाला आकडे नको होते. तिनं मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, मोहऱ्या चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या तशी समाधानानं म्हणाली, "बघ, किती मानसांच्या डोळ्यांत आलं हुतं!" अप्पा जेवायला बसले. हुग्गी खाल्ली. आणखी थोडी मागून घेतली. शिवशरण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. एकतीस ठाऊक असलेला माणूस एकतिसाच्या नावानं शिजलेली हुग्गी दुसऱ्यांदा मागून कशी खातो? त्याला राग आला. आणि राग आला म्हणून बरं वाटलं. निदान हे काय आहे ते कळत तरी होतं. पण तो राग पुरते चार घास टिकला नाही. अप्पांनी वाटी पुसून घेतली तेव्हा त्याला त्यांचा घट्टा पडलेला अंगठा दिसला आणि राग कुठं गेला तेही कळलं नाही.

दोन दिवसांनी तो हत्तुरे सरांकडे गेला. हत्तुरे सर कॉलेजात त्याला गणित शिकवायचे, परीक्षेचा फॉर्म त्यांनीच मागवून दिला होता. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पत्र पहिल्यापासून वाचलं, मग त्यानं बरोबर आणलेली प्रश्नपत्रिका उलगडली. "पहिलं, तिसरं, पाचवं, ही गणितं तू इथं फळ्यावर सोडवली होतीस," ते म्हणाले. "मग?" शिवशरण म्हणाला, "माहीत नाही, सर." सर चांगले माणूस होते, त्यांनी जास्त उकरलं नाही. कामाला लागल्यासारखे ते भराभरा बोलायला लागले. बी.एस्सी.चे गुण ठळक लिही. कॉलेजात पहिला होतास ते लिही. माझं शिफारसपत्र मी देतो. एका दिवसाच्या परीक्षेवरून तीन वर्षांचं काम मोजू नये असं नम्रपणे सुचव. "आणि कारण म्हणून ताप लिही. तापासारखं सोयीचं दुखणं नाही. आला, गेला. दाखला कोण मागतो?" शिवशरणनं मान हलवली. जिना उतरताना त्याला वाटलं की आपण 'माहीत नाही' म्हणालो ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. त्या दिवसाकडे गेले दोन महिने त्यानं वळून बघितलंच नव्हतं, आणि जिकडे बघितलं नाही तिथलं माणसाला माहीत कसं असणार? असा युक्तिवाद करायला मात्र डोकं लगेच तयार होतं.

मिलचा तीनचा भोंगा वाजला. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून सुटली. शिवशरण घराकडे न वळता तळ्याच्या काठानं चालत राहिला, मग काठाच्या कठड्यावर बसला. जून अर्धा संपला तरी ऊन चटके देत होतं आणि तळ्याचं पाणी खाली गेलं होतं. पुण्यात त्या दिवशी ऊन असं नव्हतं. तिथं झाडं होती. परीक्षेचा हॉल तळमजल्यावर, खिडक्या बुटक्या, उघड्या. त्याची जागा भिंतीकडच्या रांगेत, खिडकीला लागून. अप्पा रात्रीच्या गाडीनं त्याच्याबरोबर आले होते. नको म्हटलं तरी आले होते. हॉलपर्यंत पोचवून ते त्याच खिडकीखाली, बाहेरून, सावलीला भिंतीला टेकून बसले. आतून त्यांच्या पटक्याची कड तेवढी खिडकीत दिसायची. ती दिसली तेव्हा शिवशरणला बरं वाटलं होतं, हे त्यानं आता स्वतःला दोनदा बजावलं. बरंच वाटलं होतं. पहिलं गणित पंधरा मिनिटांत सुटलं. दुसरं निम्मं झालं. शेजारच्या बाकावरचा मुलगा टेरिलिनच्या शर्टातला, त्याच्याकडे दोन फाउंटन पेनं होती, आणि पेपर वाटायच्या आधी त्यानं शिवशरणला इंग्रजीत विचारलं होतं, तू कुठून आलास? शिवशरणनं सोलापूर म्हटल्यावर तो 'अच्छा, चादरी' म्हणून हसला होता. त्यात काही वाईट नव्हतं. शिवशरणही हसला होता.

मग शिपाई आत आला. इथवर आल्यावर शिवशरणची आठवण दर वेळी एखाद्या भलत्याच गोष्टीकडे वळायची. भिंतीवरचं घड्याळ, पर्यवेक्षकांच्या कोटाचं तुटलेलं बटण. आज त्यानं तिला वळू दिलं नाही. शिपाई खाकी कपड्यांतला, आवाज खणखणीत. "सर, ह्या खिडकीखाली एक धोतरवाले म्हातारे बसलेत. उठा म्हटलं तर उठत नाहीत, पोरगा आत आहे म्हणतात. कुणाचे आहेत?" पर्यवेक्षकांनी मान वर केली. "कुणाबरोबर आलेत ते गृहस्थ? हात वर करा." चाळीस मुलं. चाळीस माना वर झाल्या, इकडे-तिकडे फिरल्या, टेरिलिनवाल्याची शिवशरणकडेही फिरली. शिवशरणची मानही फिरली. इतरांसारखीच, जणू तोही शोधत होता. हात कागदावर होता, हातात पेन होतं. ही ओळ पूर्ण करू आणि हात वर करू, असं त्याच्या मनात आलं होतं. आलं होतं का? का नंतर त्यानं ते तिथं नेऊन ठेवलं? कधी कधी तर त्याला हात निम्मा, कानापर्यंत वर गेल्याचंही आठवायचं, आणि ते तर नक्कीच घडलं नव्हतं. पर्यवेक्षक म्हणाले, "कुणाचेच नाहीत. गेटबाहेर पाठव." खिडकीतली पटक्याची कड वर उठली, सरकली, दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं समोरच्या रस्त्यावर अप्पा चालताना दिसले, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, मागून शिपाई. ते भराभर चालत नव्हते आणि मागे वळून बघतही नव्हते. त्यानंतर शिवशरणनं प्रत्येक गणित वाचलं, प्रत्येक समजलं, आणि प्रत्येकाचा क्रमांक समासात सुबक अक्षरात घातला. पुढं एक अक्षर उमटलं नाही. तो रडला नाही, घाबरला नाही, वडिलांचा विचारही करत नव्हता. आपल्याला त्यांची लाज वाटली का, एवढं तरी ठरवावं म्हणून तो बसला होता, आणि तेही ठरत नव्हतं. जो माणूस बाजारात आला की लोक सरकून जागा देतात, त्याची लाज? लाज नव्हती म्हणावं तर हात का उठला नाही? अडीच तास असे गेले.

गेटबाहेर समोरच्या फुटपाथवर, भर उन्हात, अप्पा पिशवीवर बसले होते. त्याला बघून उठले. "झाला? लांबलचक हुता काय पेपर?" मग त्याच्याकडे नीट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तोंड का उतरलंय? ताप-बीप हाय काय?" कपाळ गार होतं. "न्हाई," तो म्हणाला. स्टेशनवर बाकावर बसून दोघांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. अप्पा म्हणाले, "चांगली जागा हाय. झाडं लई हायती." बस, एवढंच. गाडीत ते झोपले आणि शिवशरण त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत जागा राहिला. तळ्याच्या कठड्यावर बसून आता त्याला कळलं की ताप हा शब्द हत्तुरे सरांच्या कितीतरी आधी अप्पांनी काढला होता. हे कळून काय करायचं ते मात्र कळलं नाही. एक म्हातारी शेळ्या पाण्यावर घेऊन आली, त्यानं पाय वर घेतले.

चार बोटांचं त्यानं शेवटी विचारलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, अप्पा नमुन्याची ज्वारी तळहातावर घेऊन फुंकत होते. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही चार दाबलं. का?" अप्पांनी फुंकर थांबवली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं ते ओशाळून हसले. "सवय रे. तीस-पस्तीस वरसं शेतकऱ्याच्या बाजूनं बसलोय. समोरून आकडा हातावर आला की आपन वाढवून मागायचा, हेवढंच ठावं हाय. तू यकतीस दिलंस, हातानं आपलं चाळीस मागितलं. मग ध्यानात आलं, हितं समोर खरेदीदार न्हाय, पोरगा हाय. ह्याच्याकडं वाढवून कुटनं मागायचं?" त्यांनी दाणे परत पोत्यात टाकले. "आन सोडून देतानाबी तोंडातनं आयतु गेलं. त्या ईश्वरप्पानं गावभर केलं. तुला तरास झाला." इतके दिवस ज्या चाराची शिवशरण उकल करत बसला होता त्यात गूढ काही नव्हतं, होती ती नुसती माया, आणि तीही चुकून निसटलेली. "न्हाई, तरास कसला," तो म्हणाला आणि उगाचच पोत्याचं तोंड बांधू लागला; बांधता बांधता पुण्याला कारणाचं पान लिहून पाठवायचंय, तेही त्यानं सांगितलं.

पान लिहायला तो माळ्यावर बसला. तापाचं इंग्रजी झरझर आलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपासून मला सडकून ताप होता; तरीही संधी हुकू नये म्हणून मी बसलो. वाचताना त्याला त्या मुलाची दयासुद्धा आली. मग त्या पानात पुढं, वडील मला घेऊन आले होते, त्यांनी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, असं आपोआप लिहिलं गेलं, आणि तो थांबला. हॉलमध्ये ज्यांना त्यानं ओळख दिली नाही त्यांना तो आता, काम निघाल्यावर, कागदावर बोलावून घेत होता. त्याला स्वतःची शिसारी आली. ही भावना मात्र साफ होती, तिच्यात कसला गोंधळ नव्हता. त्यानं पान फाडलं. दुसरं घेतलं. बी.एस्सी.चे गुण लिहिले, कारण ते खरे होते. मग लिहिलं: माझे वडील खिडकीखाली बसले होते. शिपायानं विचारलं, हे कुणाचे. मी हात वर केला नाही. त्यानंतर मला काही सोडवता आलं नाही. याचा गणिताशी संबंध काय ते मला सांगता येत नाही. एकतीस गुण माझेच आहेत. तरीही मला गणित शिकायचं आहे. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तो चकित झाला. आपल्याला काय हवंय ते त्याला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं आणि ते तर कागदावर आधीच उतरलं होतं. पण सही करायला पेन टेकवलं आणि उचललं. हे वाचून तिथली विद्वान माणसं हसतील. किंवा हसणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. सही न करताच त्यानं घडी घातली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, बाजार बंद. पान वेळेत पोचायचं तर रजिस्टर आजच करायला हवं होतं. अप्पा दुपारी शिवशरणला बरोबर घेऊन तराजूची पूजा करायला दुकानात आले होते; पारड्यांना विभूतीची बोटं ओढून झाल्यावर ते गादीवर बसले. कपाळावर विभूती, समोर रिकामं बाकडं. गाळ्यांच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं, ईश्वरप्पांचंही दार बंद होतं.

"पुण्याचं लिवलंस?" अप्पांनी विचारलं.

"लिहिलं."

"वाच की. मला कळंल असं सांग."

शिवशरणनं घडी उलगडली. इंग्रजी ओळी डोळ्यांसमोर होत्या. पहिली गुणांची, ती त्यानं नीट सांगितली. दुसऱ्या ओळीवर आला आणि जीभ वळली. "लिहिलंय की," तो कागदावरून नजर न काढता म्हणाला, "की त्या दिवशी मला ताप होता. म्हणून पेपर सोडवता आला नाही."

अप्पांनी पारड्यावर सांडलेली विभूती बोटानं गोळा केली. बाहेर कुठंतरी पत्रा तापून तडतडला.

"व्हय, ताप हुता," शेवटी ते म्हणाले. "कुनी इच्याराय आलं तर मीबी सांगीन. मी हुतो की तितं." "खिडकी उघडी हुती. मी खालीच बसलेलो, आतलं समदं आयकू येत हुतं." आणि मग, ज्वारीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात, "अंगात ताप असला की मानसाला हात उचलवत न्हाय."

शिवशरणनं कागद मांडीवर ठेवला, वरून तळवा दाबून धरला. दोन महिने. दोन महिने ह्या माणसानं ते ऐकून जवळ ठेवलं होतं, आणि त्याच तोंडानं भाकरी खाल्ली होती, झाडं चांगली आहेत म्हटलं होतं.

"अप्पा, ह्यात तापाचं नाही लिहिलेलं."

"मग?"

"हाताचंच लिहिलंय."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. बाजारात तीस वर्षं ज्या चेहऱ्यावरून कुणाला आकडा काढता आला नव्हता तो चेहरा तसाच होता. फक्त डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"कर मग," अप्पा म्हणाले. "बापाचंबी नाव घाल, पुरं."

शिवशरणनं सही केली. शिवशरण चनबसप्पा, पुरं. शाई वाळेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले, आणि मग तो पोस्ट बंद व्हायच्या आत जायला हवं म्हणून उठला.